रक्त वाढत का नाही? मांसाहार, दूध आणि पोषणातील उणिवा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझे वय 34 आहे आणि हिमोग्लोबिन 9.4 आहे. काही महिन्यांपासून मी रोज दोन उकडलेली अंडी खाते आणि दूधही पिते, तरी रक्त वाढत नाही. असे का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की तो रक्तक्षय समजला जातो. त्यामुळे 9.4 हा आकडा केवळ आहारावर सोपवण्यासारखा नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतील आणि पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही तपासून घ्यावे.

आहारातली आपली निवड चांगली असली, तरी ती या उणिवेसाठी नाही. अंड्यातून उत्तम प्रथिने आणि ब-12 जीवनसत्त्व मिळते. परंतु बलकातील लोह फॉस्विटिन नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेले असल्याने शरीराच्या वाट्याला फार थोडे येते. दुधात तर लोह जवळजवळ नसतेच, उलट त्यातील कॅल्शियम लोहाच्या शोषणाच्या आड येते. लोहासाठी मटण, कलेजी, तिसऱ्या (शिंपल्या) यांच्याकडे वळावे. मांसातील ‘हीम’ प्रकारच्या लोहापैकी साधारण 15 ते 35 टक्के शरीर शोषून घेते. पालेभाज्या, बाजरी आणि डाळींमधले लोह मात्र बरेचदा याच्या निम्म्यानेही शोषले जात नाही. शिवाय मांस किंवा मासळी सोबत असली, की भाकरी-डाळीतले लोहही अधिक शोषले जाते. म्हणून रोज मोठा वाटा हवा असे नाही. वांग्यात घातलेली मूठभर सुकटही कामाला येते. जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणानंतर निदान तासभर चहा घेऊ नये.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अनेक घरांत मटणाचे तुकडे पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात, आणि जिने ते शिजवले तिच्या वाट्याला रस्सा उरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. लोहाची सर्वाधिक गरज जिला आहे, तिच्या ताटात तुकडे आधी वाढले गेले पाहिजेत.

प्रश्न : माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे. तो दिवसभरात जवळजवळ लिटरभर दूध पितो आणि दुसरे काही खात नाही. चेहरा फिकट दिसतो. (एक आई, लालबाग)

उत्तर : दुधाने पोट भरते आणि लोह देणाऱ्या अन्नाला जागाच राहत नाही, या वयातील रक्तक्षयाचे हे नेहमीचे कारण आहे. बालरोगतज्ज्ञांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि दूध दिवसाला 500 मिलीलिटरच्या आत आणा. दूध जेवणानंतर द्यावे, आधी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनानुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांना मांस, मासे, अंडी यांसारखे प्राणिजन्य अन्न रोज मिळावे. मऊ शिजवलेला खिमा भातात कालवून किंवा काटे काढलेला मासा वरणभातासोबत द्या. पहिले काही दिवस तो नाकारेल. तरीही पुन्हा देत राहा.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. माझे वय 64, मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन चालू आहे. पायांना मुंग्या येतात. दूध-दही पुरेसे आहे का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आपल्या बाबतीत बहुधा नाही. ब-12 नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातच मिळते. प्रौढांना रोज दोन मायक्रोग्रॅमहून थोडे अधिक लागते आणि पेलाभर दुधातून त्यातले सुमारे एक मिळते. वयानुसार जठराम्ल कमी होते आणि मेटफॉर्मिनमुळेही शोषण घटते, त्यामुळे आहारात असलेलेही पुरते मिळत नाही. स्पिरुलिनातील ब-12 सदृश घटक शरीराला उपयोगी पडत नाही. मुंग्या मधुमेहामुळेही येऊ शकतात, म्हणून ब-12 ची तपासणी लवकर करून घ्या आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे गोळी किंवा इंजेक्शन घ्या.

नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. सगळा रक्तक्षय एकाच कारणाने होत नाही, हे समजण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे. ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांनी येथील गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे 1931 मध्ये दाखवले; त्यातला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला, आणि फॉलिक अॅसिड हे त्याचेच गोळ्यांतले रूप. परंतु ब-12 ची उणीव असताना फक्त फॉलिक अॅसिड घेतले, तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

प्रश्न : मी तीन महिन्यांची गर्भवती आहे. सासूबाई रक्तासाठी कलेजी खायला सांगतात. शिवाय जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळी चालेल का? (एक वाचक, वरळी कोळीवाडा)

उत्तर : कलेजीत लोह भरपूर असते, हे सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. पण तिच्यात अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात इतके असते, की गर्भारपणात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, ती टाळावी. गर्भाला अपाय होऊ शकतो. त्याऐवजी नीट शिजवलेले मटण, अंडी आणि बांगडा, बोंबील, मांदेली यांसारखी लहान मासळी घ्या. मुशी (शार्क) नको, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या यांपैकी कशाच्याही बदल्यात बंद करू नयेत. सुकी मासळी अवश्य खा. जवळा कवचासकट खाल्ला जात असल्याने कॅल्शियमही मिळते. खारवलेल्या बांगड्यात मीठ फार असते, म्हणून रक्तदाब वाढलेला असेल तर तो सोडून बिनमिठाचा जवळा किंवा सुके बोंबील निवडा, आणि दोन-तीन पाण्यांतून धुऊन मगच शिजवा.