बटणं मोजू नका, फेडर बघा

या महिन्यात पत्रांची थप्पी बघितली तर निम्मी एकाच गोष्टीवर, घरी वाजवायला डिजिटल डीजे डेक, म्हणजे गाणी एकात एक मिसळून वाजवायचं यंत्र, कुठला घ्यावा. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत बसलो तर अंक पुरायचा नाही, म्हणून पाच पत्रं निवडलीत.

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे आणि पहिल्यांदाच डेक घेतोय. दोन चॅनलचा घेऊ की चार? मित्र म्हणतो छोटा घेतलास तर सहा महिन्यांत विकावा लागेल. लॅपटॉप आहे माझ्याकडे. सध्या घरीच वाजवणार, पण पुढेमागे क्लबमध्ये चान्स मिळाला तर सोडणार नाही.

मित्राचं ऐकू नकोस, कारण हाच सल्ला मी स्वतः ऐकला होता. पहिलाच डेक चार चॅनलचा घेतला (चॅनल म्हणजे एकेका गाण्याची स्वतंत्र वाट, आणि तिचा आवाज कमीजास्त करायची सरकती दांडी म्हणजे फेडर), सोळा पॅड म्हणजे दाबायची बटणं, वर दिव्यांची रोषणाई, आणि दोन वर्षांनी विकायला काढला तेव्हा घेणारा माणूस फेडर सरकवून बघत होता, म्हणाला, हे बाहेरचे दोन तर कोरेच दिसतायत. कोरेच होते, हात लागला होता तो फक्त धूळ पुसताना. घरी शिकताना तू नव्वद टक्के वेळ एक गाणं वाजतंय आणि दुसरं आणायचंय एवढंच करणार आहेस, त्याला दोन चॅनल भरपूर झाले.

बघायचं काय ते सांगतो. सगळ्यात आधी हेडफोनचं भोक. हसू नकोस. डेकमध्ये स्वतःचं साउंड कार्ड हवं, म्हणजे स्पीकरला एक गाणं जातंय आणि त्याच वेळी हेडफोनमध्ये तू दुसरं ऐकतोयस हे जमलं पाहिजे, यालाच क्यू म्हणतात आणि हे नसेल तर तो डेक नाही, खेळणं आहे. अगदी स्वस्तातल्या काही डेकवर साउंड कार्ड नसतं, मग ते दोन फाट्यांची वायर लावायला सांगतात आणि त्यात स्टीरिओचं होतं मोनो. त्यानंतर प्रत्येक चॅनलला वेगळा ट्रिम (गाण्याची मूळ पातळी ठरवणारा नॉब) आणि बेस-मिड-हायचे तीन नॉब हवेतच. दोन गाण्यांचे बेस एकावर एक आले की नुसता चिखल होतो, एकाचा बेस कापून दुसऱ्याचा उघडायचा, निम्मं मिक्सिंग हेच आहे.

आणि पिच फेडर, गाण्याचा वेग कमीजास्त करणारा. याच्याकडे दुकानात कोणी ढुंकून बघत नाही. समजा फेडरची पूर्ण चाल ६० मिलीमीटर आहे आणि रेंज ठेवलीयस अधिक-उणे १६ टक्के, म्हणजे ३२ टक्के ६० मिलीमीटरमध्ये कोंबलेत, एक मिलीमीटर सरकला की १२५ बीपीएमचं (मिनिटाला १२५ ठोक्यांचं) गाणं साधारण दोन तृतीयांश बीपीएमने पळतं. मग बोट जरा जड पडलं की गेलं. तोच फेडर सेटिंगमध्ये जाऊन अधिक-उणे ६ वर आणलास तर मिलीमीटरला पाव बीपीएम, एकदम हातात येतो. तेव्हा फेडर जितका लांब तितका चांगला, आणि लहान असेल तर निदान रेंज बदलता आली पाहिजे.

मॉडेल विचारशीलच. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ हा सरळ उत्तर आहे, दोन चॅनल, रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्याच सॉफ्टवेअरवरही चालतो आणि सेराटो डीजे लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही. क्लबचं म्हणतोयस म्हणून हे जास्त बरं, कारण बऱ्याच क्लबात पायोनियरचे सीडीजे, म्हणजे पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारे प्लेअर, असतात आणि रेकॉर्डबॉक्समध्ये घरी लावून ठेवलेले क्यू पॉइंट (गाण्यातल्या खुणा), प्लेलिस्ट सगळं पेनड्राइव्हवर टाकून तिथे नेता येतं. (सीडीजे-३०००, २०२० सालचा, नावात सीडी आहे पण सीडी घालायला फटच नाही.) पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट कर, जुन्या-नव्या सगळ्या मशीनवर चालतो. नेटवर शोधताना कंपनीचं नाव अल्फाथीटा दिसलं तर गोंधळू नकोस, पायोनियर डीजेवालेच ते, २०२० मध्ये नाव बदललं.

लॅपटॉप नकोच असेल तर एक्सडीजे-आरएक्स३ किंवा डेनॉनचा प्राइम ४ असे सगळं पोटातच असलेले डेक आहेत, पेनड्राइव्ह लावा आणि वाजवा. छान आहेत, पण पहिल्या वर्षी तेवढा पैसा डेकमध्ये ओतण्यापेक्षा त्यातला अर्धा चांगल्या बंद कपांच्या हेडफोनवर आणि दोन मॉनिटर स्पीकरवर (आवाज आहे तसा ऐकवणाऱ्या) घाल. डेक भारी आणि स्पीकर डबडा असेल तर काय चुकतंय हेच ऐकू येत नाही, मग शिकणार कसं?

प्रश्न : माझ्याकडे दोन जुने डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आहेत, तरुणपणी वाजवायचो. आता वय पन्नाशीच्या पुढे, वेळ आहे, परत सुरू करावंसं वाटतं. मुलगा म्हणतो बाबा ते विका आणि कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा डेक, घ्या. रेकॉर्ड फार उरल्या नाहीत, गाणी सगळी लॅपटॉपमध्ये. काय करू?

विकू नका हो! मुलाला माझं नाव सांगा हवं तर.

तुमच्यासाठी डीव्हीएस, म्हणजे डिजिटल व्हिनाइल सिस्टिम, आहे. टर्नटेबल तेच, सुई तीच, फक्त वर ठेवायची रेकॉर्ड वेगळी, तिच्यात गाणं नसतं, एक शिट्टीसारखा एकसुरी आवाज कोरलेला असतो. सेराटोच्या रेकॉर्डवर तो १ किलोहर्ट्झचा असतो. तो टोन साउंड कार्डातून लॅपटॉपमध्ये जातो, तबकडी किती वेगाने आणि कुठल्या दिशेने फिरतेय हे सॉफ्टवेअर त्यावरून ओळखतं आणि लॅपटॉपमधलं गाणं तसंच पुढेमागे हलवतं. हाताला मात्र सगळं जुनंच लागतं. सेराटो आणि रेन यांनी मिळून स्क्रॅच लाइव्ह २००४ मध्ये आणलं तेव्हापासून असंख्य डीजे याच वाटेने आले. सेराटो डीजे प्रो, ट्रॅक्टर, रेकॉर्डबॉक्स तिन्हींमध्ये ही सोय मिळते, फुकट हवं असेल तर मिक्स (शेवटी तीन एक्स असलेलं), ते ओपन सोर्स आहे आणि अशा टोनच्या, म्हणजे टाइमकोड, रेकॉर्ड ओळखतं. साउंड कार्ड मात्र दोन स्टीरिओ इनपुटचं लागेल, आणि फोनो इनपुटवालं बघा. सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्टचा सिग्नल येतो, तो साध्या लाइन इनपुटला लावला तर सॉफ्टवेअरला ऐकूही येणार नाही.

दोन गोष्टी तुम्हाला आठवत असतीलच तरी लिहितो. टर्नटेबलमागून ती बारीक ग्राउंडची वायर निघते ती मिक्सरच्या किंवा साउंड कार्डाच्या स्क्रूला नीट आवळा, नाहीतर गुंऽऽऽ असा आवाज येत राहील आणि तुम्ही दोन दिवस केबल बदलत बसाल. दुसरं म्हणजे स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर ठेवू नका, बेस आला की टेबल थरथरतं, टेबल थरथरलं की सुई, आणि सुई थरथरली की टोन बिघडून गाणंच गचके खायला लागतं. ज्याला आपण सॉफ्टवेअरचा दोष समजतो तो बऱ्याचदा टेबलाचा असतो. सुरुवातीला मोड रिलेटिव्ह ठेवा, सुई उडाली तरी गाणं उडत नाही. सुई उचलून गाण्यात हवं तिथे टाकायची जुनी सवय परत आणायची असेल तेव्हा ॲब्सोल्यूट.

प्रश्न : दादा, मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला डेक हवाय. क्लासचे सर म्हणतात सिंक बटण वापरायचं नाही, त्याने हात खराब होतो. ती म्हणते सगळे वापरतात. मला यातलं काही कळत नाही, पण भांडण रोज माझ्यापुढे येतं. आणि आवाजाची काळजी वाटते ती वेगळीच.

ताई, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण भांडण डेकवरून आहे असं मला वाटत नाही, कारण सिंक बटण आता जवळपास प्रत्येक डेकवर असतंच. ते नसलेला डेक शोधत फिरण्यात अर्थ नाही.

सिंक काय करतं ते सांगते, म्हणजे सांगतो (आमच्या संपादिकेशी बोलून बोलून माझं असं होतं). समजा एक गाणं १२४ बीपीएमचं आहे आणि दुसरं १२६ चं, दोन्ही एकदम सुरू केली तर पहिले काही ठोके जुळल्यासारखे वाटतात, मग हळूहळू एकाचे दोन ऐकू यायला लागतात, पंधरा सेकंदांत बरोबर अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो आणि घोडा पळत सुटल्यासारखा टपटप टपटप आवाज होतो. हे हाताने दुरुस्त करायचं म्हणजे कुठलं गाणं पुढे पळतंय हे आधी कानाने ओळखायचं, मग पिच साधारण १.६ टक्के हलवायचा आणि जॉग व्हीलला (डेकवरच्या गोल चाकाला) जरासा धक्का द्यायचा. सिंक हे एका टिचकीत करतं. पण सॉफ्टवेअरने ठोके चुकीचे ओळखले असतील, जुन्या गाण्यात ड्रमर माणूस असला की हे होतंच, तर सिंक तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं जुळवतं, आणि त्या वेळी कान तयार नसेल तर पोरगी तशीच उभी राहते.

म्हणून तह असा करा. रोज पहिली वीस मिनिटं स्क्रीनवरच्या लाटा (गाण्याचे ठोके दाखवणारं चित्र) कागद लावून झाकायच्या आणि कानाने जुळवायचं, नंतर सिंक लावून हवं ते करू दे. हर्क्युलिसच्या इनपल्स ३०० वर बाणांचे छोटे दिवे आहेत, गाणं मागे आहे की पुढे हे ते दाखवतात पण जुळवून देत नाहीत. तुमच्या घरातल्या भांडणावर हा डेक चांगला तोडगा ठरेल असं वाटतं, सरांनाही दाखवा.

आवाजाची काळजी खरीच आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा धरते, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप मिळतं, काट्यावर मोजल्यासारखं नाही पण अंदाज येतो. गंमत म्हणजे शेजाऱ्यांना वाचवायला आपण मुलांना हेडफोन देतो आणि कानाला जास्त धोका हेडफोनचाच असतो! बंद कपांचे घ्या, बाहेरचा आवाज अडतो, मग आतला वाढवावा लागत नाही.

प्रश्न : घरात चांगला ब्लूटूथ स्पीकर आहे, तोच डेकला चालेल का?

ऐकायला चालेल, वाजवायला नाही. १२० बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात आणि ब्लूटूथवरून आवाज यायला सहज दीड-दोनशे लागतात, म्हणजे हेडफोनमध्ये आत्ता आणि स्पीकरवर साधारण एक तृतीयांश ठोक्याने उशिरा. जुळवणार कशाला? त्या स्पीकरला मागे ऑक्सचं भोक असेल तर वायर लावा, प्रश्न संपला. वायर नसेलच तर हेडफोन मिक्सचा नॉब मधे ठेवून दोन्ही गाणी हेडफोनमध्येच जुळवा, स्पीकरकडे लक्ष देऊ नका, निभतं. स्क्रॅच मात्र विसरा. वायर लावूनही हात आणि आवाज मागेपुढे वाटला तर सॉफ्टवेअरमध्ये बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी साठवायचा तुकडा) बघा, ५१२ सॅम्पलला साधारण ११.६ मिलिसेकंद, २५६ ला ५.८. कमी करत जा, आवाज तडतडायला लागला की एक पायरी मागे. विंडोजवर असाल तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) आधी टाका.

प्रश्न : सेकंडहँड डेक मिळतोय, वर मोठा आहे आणि चांगल्या स्थितीत आहे म्हणतात. घ्यावा का?

डेक चांगल्या स्थितीत असेल हो, ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला डेक ओळखता यायला लागणारं सॉफ्टवेअर, आहे का ते विचारा. माझ्याकडे एक भक्कम जुना डेक होता, लोखंडाचा म्हणावा असा. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आलं, त्याने ३२ बिटची सॉफ्टवेअरं बंद केली, मी रात्री अपडेट लावून झोपलो आणि सकाळी लॅपटॉपला डेक दिसेना. कंपनीने नवा ड्रायव्हर काढलाच नाही, मेलला उत्तरही नाही. डेकला काहीही झालेलं नव्हतं, सगळे दिवे लागत होते, नुसताच टेबलावर. तेव्हा मॉडेलचं नाव आणि तुमच्या लॅपटॉपची सिस्टिम कंपनीच्या साइटवर आधी जुळवून बघा. ड्रायव्हरशिवाय चालणारा, क्लास कम्प्लायंट म्हणतात तो असेल तर उत्तम.

मग स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचा हेडफोन घेऊन जा, त्यांच्या लॅपटॉपवर चाललेलं बघून परत येऊ नका. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा फेडर) एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूचं गाणं मोठ्याने लावा, झिरपतंय का ऐका. प्रत्येक नॉब सावकाश फिरवा, खरखर कुठे येते ते कळेल. पिच फेडर मधे ठेवल्यावर आकडा शून्यावर थांबतो की नाचत राहतो ते बघा, नाचणारा असेल तर ठोके जुळून राहणारच नाहीत. जॉग व्हीलवर नुसतं बोट टेकवा, गाणं थांबलं पाहिजे, उचललं की सुरू. मोटरवाला असेल, रेन वनसारखा, तर प्लेट अडखळत नाही ना आणि ३३⅓ ला एक फेरी १.८ सेकंदांत होते का ते मोबाइलवर मोजा, दहा फेऱ्या अठरा सेकंद. शेवटी यूएसबीची पिन हळूच हलवा, आवाज तुटला तर सॉकेट सैल झालंय. सॉफ्टवेअरचा कोड बरोबर देतो म्हणाले तर तो आधीच वापरून झालेला असू शकतो, त्याची किंमत धरू नका.