कोड १०० च्या रुळाला कोड ८३ चा पॉइंट कसा जोडायचा

तुमची अडचण थोडक्यात अशी: मामांकडून आलेले एचओचे (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचे) जुने रूळ कोड १०० चे, नवा घेतलेला पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) कोड ८३ चा. जॉइनर (दोन रुळांची टोकं जोडणारी पत्र्याची चिमटी) एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला खुळखुळतो, आणि इंजिन तिथे आलं की उडी मारतं. फेविक्विक लावू का, असं विचारलंय. नका लावू. रूळ जागचा हलणार नाही हे खरं, पण उंचीतला फरक तसाच राहील आणि गोंद मध्ये शिरला तर करंटही बंद होईल.

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. १०० म्हणजे २.५४ मिमी, ८३ म्हणजे २.११ मिमी. फरक अर्ध्या मिमीहून कमी, पण तेवढी पायरी डब्याचं चाक उचलायला पुरते. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन्हीकडे १६.५ मिमीच, त्यामुळे तिथे काही भानगड नाही.

लक्षात एवढंच ठेवा की चाकाला रुळाचं डोकं कळतं, पाय कळत नाही. डोक्याचा माथा आणि आतली कड, या दोन जागा एका रेषेत आल्या पाहिजेत. खाली पाय वरखाली असले तरी चालतात. खरी रेल्वेही हेच करते. आपल्याकडे ५२ किलोचा (मीटरमागे वजन) रूळ १५६ मिमी उंच, ६० किलोचा १७२ मिमी. ते जिथे भेटतात तिथे कॉम्बिनेशन फिशप्लेट (रूळ जोडणारी पट्टी) लावतात, तिचं एक टोक एका मापाचं आणि दुसरं दुसऱ्या. (जाता जाता: १७२ ला ८७ ने भागा, १.९८ मिमी येतात. म्हणजे आपला कोड १०० खऱ्या रुळापेक्षा बराच थोराड आहे.)

सोपा मार्ग म्हणजे तयार ट्रान्झिशन जॉइनर. अॅटलास कंपनीचे १०० ते ८३ चे मिळतात. डावा-उजवा वेगळा असेल तर पाकीट फोडताना मिसळू नका. ते मिळाले तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाहीतर हाताने. कोड १०० चा साधा जॉइनर घ्या, अर्धा जुन्या रुळावर सरकवा, उरलेला अर्धा पकडीने दाबून चपटा करा. ही झाली जीभ. कोड ८३ च्या रुळाचा पाय या जिभेवर टेकवायचा. तो थोडा खालीच राहतो, म्हणून जीभ केसभर वर वाकवा. आता खरं काम: स्टीलची पट्टी आतल्या कडेला लावून दोन्ही रूळ तिला दाबून धरा, आणि नख माथ्यावरून फिरवा. नख अडलं तर अजून जमलेलं नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मी ठेवला होता. सोल्डर झाल्यावर कळलं की उजवा रूळ आत सरकलाय, आणि ते उकलताना चार स्लीपर वितळले.

डाग देण्याआधी जिभेला आणि पायाखाली कथलाचा पातळ थर चढवून घ्या. मग इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, चांगली तापलेली हवी आणि दोन-तीन सेकंदांत उचलायची. थंड इस्त्री धरून बसलात की उष्णता पसरते आणि प्लास्टिक जातं. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवा. फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावतात तो) राळेचाच, नळकामाचा अॅसिडवाला नको. डाग बाहेरच्या बाजूने द्या, आत कथलाचा गोळा राहिला तर चाकाची कड त्यावर चढते. शेवटी बारीक कानस माथ्यावरून हलकेच, चार-पाच हात.

पॉइंटखाली उंची भरायला माझ्याकडे जुन्या लग्नपत्रिका आहेत, जाड कागद एकदम उपयोगी. किती थर ते गणिताने काढू नका, स्लीपरची जाडी कंपनीगणिक बदलते. ठेवून बघा. पॉइंटची पातळी तशीच सपाट राहू द्या आणि उतार पलीकडच्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमध्ये संपवा.

जोड वळणावर घेऊ नका. पॉइंटलाही थेट नको, मध्ये कोड ८३ चा सरळ तुकडा टाका, म्हणजे उद्या पॉइंट बदलायची वेळ आली तर डाग उकलावा लागणार नाही. जोडाच्या दोन्ही अंगांना वायरी वेगळ्या द्या. बाकीचे सगळे जोड मात्र सोल्डर करू नका. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, रुळाला सरकायला जागा लागते.

आणि मामांचे जुने डबे तपासा. पूर्वीच्या काही चाकांची कड खोल असते, कोड ८३ वर ती स्लीपरवरच्या खिळ्यांच्या डोक्यांना घासते. जोड नीट असूनही खरखर आली तर आधी डबा उलटा करून चाकं बघा.