युरोपीय संघात ‘विलीन’ की ‘सामील’?

प्रश्न असा आहे: ‘युक्रेन युरोपीय संघात विलीन होण्याच्या वाटेवर’ असं एका बातमीत वाचलं. इथे ‘विलीन’ चालेल का? की सामील, समाविष्ट, प्रवेश यांपैकी काही हवं?

‘विलीन’ चालणार नाही. विलीन होणं म्हणजे दुसऱ्यात मिसळून आपलं वेगळं अस्तित्व संपणं. एक बँक दुसरीत विलीन झाली की पहिलीची पाटी उतरते. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी युरोपीय संघात गेला, तेव्हा त्याची संसद, सैन्य, संयुक्त राष्ट्रांतली जागा सगळं जागच्या जागी राहिलं. कुना हे त्याचं चलनसुद्धा पुढे साडेनऊ वर्षं चालू होतं. १ जानेवारी २०२३ला त्याच्या जागी युरो आला. शिवाय ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडला, आणि बाहेर पडायची वाट संघाच्या करारातच, ५०व्या कलमात, लिहिलेली होती. विलीन झालेल्याला अशी वाट नसते.

युरोपातच खरं विलीनीकरण पाहायचं तर पूर्व जर्मनीचं पाहावं. ३ ऑक्टोबर १९९० रोजी तो पश्चिम जर्मनीत विलीन झाला आणि देश म्हणून उरला नाही. त्याचा प्रदेश त्याच दिवशी युरोपीय समुदायात, म्हणजे संघाच्या तेव्हाच्या रूपात, आला, पण त्यासाठी ना वेगळा अर्ज झाला, ना प्रवेशाचा करार. अर्ज कोण करणार? देशच राहिला नव्हता.

मराठीला हा फरक जुना आहे. संस्थानांनी आधी सामीलनाम्यावर सह्या केल्या, त्यांचं विलीनीकरण ही पुढची, निराळी पायरी. हिंदीत मात्र सामीलनाम्यालाही ‘विलयपत्र’ म्हणतात. बातमी हिंदीवरून उतरवताना ‘सामील’चं ‘विलीन’ होत असावं, असा माझा अंदाज.

म्हणजे ‘सामील’ बरोबर. फक्त विभक्ती सांभाळायला हवी. ‘संघात सामील झाला’ म्हणजे सदस्य झाला. ‘संघाला सामील झाला’ म्हटलं की लगेच फितुरीचा वास येतो, कारण ‘पहारेकरी चोरांना सामील होता’ हे वाक्य आपल्या कानात बसलेलं आहे. एका प्रत्ययाने एवढं उलटंपालटं होतं, हे मला या शब्दाचं फार आवडतं.

‘समाविष्ट’ यादीतल्या नावाला शोभतो. देशाने त्यासाठी केलेली धडपड त्यात दिसत नाही.

नाम हवं असेल तिथे मी ‘प्रवेश’ घेईन, कारण प्रवेश मागावा लागतो आणि नाकारलाही जातो. ४९व्या कलमानुसार युरोपातल्या देशाने अर्ज करायचा. मग सगळ्या सदस्यदेशांचं एकमत, युरोपीय संसदेची संमती, करारावर सह्या, आणि शेवटी प्रत्येक देशाची मंजुरी. त्यामुळे सही झाली म्हणून ‘सामील झाला’ लिहू नये. क्रोएशियाची सही ९ डिसेंबर २०११ची आहे, प्रवेश दीड वर्षानंतरचा. नॉर्वेने तर १९७२ आणि १९९४ अशी दोनदा सही केली, आणि दोन्ही वेळा तिथल्या जनतेने सार्वमतात नकार दिला. नॉर्वे आजही बाहेरच आहे.

जाता जाता, विचारलेलं नसलं तरी ‘उमेदवार देश’ या शब्दाबद्दल सांगतो. युक्रेनला हा दर्जा जून २०२२मध्ये मिळाला. उमेदवार म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते, पण मूळ फारसी शब्दाचा अर्थ उमेद धरून असलेला. आणि मराठीत ‘वकिलाकडे उमेदवारी केली’ म्हणजे हाताखाली राहून काम शिकलो. संघाची उमेदवारी नेमकी याच अर्थाची आहे. न्यायव्यवस्थेपासून मासेमारीपर्यंतचे संघाचे कायदे ३५ प्रकरणांत विभागलेले आहेत. ते आपल्या देशात आणायचे आणि चालवून दाखवायचे. वाटाघाटी होतात त्या मुख्यतः कधी आणि कसे, एवढ्यापुरत्या. क्रोएशियाच्या वाटाघाटी ऑक्टोबर २००५ ते जून २०११ चालल्या. तुर्कस्तान १९९९पासून उमेदवार आहे.

तुमच्या बातमीचा मथळा मी असा केला असता: ‘युक्रेन युरोपीय संघातील प्रवेशाच्या वाटेवर’.