लिव्ह की लीव्ह?

लातूरला भरतीच्या क्लासला आलायस ना, मग सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्यांच्या त्या लांबलचक याद्या आधी बाजूला ठेव. आपली खरी अडचण कानाची. 'मीठ', 'गरीब' अशा शब्दांत मराठीत शेवटून दुसरा इकार दीर्घच असतो. तीच सवय इंग्रजीत शिरते अन् 'लिव्ह'चं 'लीव्ह' होतं. म्हणायचं असतं 'राहतो', समोरच्याला ऐकू येतं 'निघतो'. डिक्शनरीत उच्चार बघ, स्वरापुढे दोन टिंबांसारखी खूण असली तरच लांबव. 'अ‍ॅडव्हाइस'-'अ‍ॅडव्हाइझ' सोपं: पहिलं नाम (सल्ला), स्पेलिंगात 'सी'वालं; दुसरं क्रियापद (सल्ला देणं), 'एस'वालं. 'अफेक्ट'-'इफेक्ट' मात्र कानानं सुटत नाही, वाक्यातली जागाच, नामाची की क्रियापदाची, बघावी लागते. सुटे शब्द घोकू नकोस. पूर्ण वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी ऐक. रूममधले हसले तर हसू दे की!