भाऊ गेल्यापासून आई माझ्याशीही बोलत नाही. ख्रिस्ती म्हणून मी कुठवर धरून राहावं?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ गेल्यापासून आई प्रार्थनेला बसत नाही, देवावर चिडते आणि तुमच्यादेखत "माझं आता कुणी उरलं नाही" म्हणते. मंडळीतले लोक तुम्हाला बायबलमधल्या रूथचं उदाहरण देतात, आणि तुम्ही थकून गेला आहात.

रूथचं उदाहरण देणारे बहुतेक जण तिच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या सोळाव्या-सतराव्या वचनाशी थांबतात. तू जाशील तिथे मी येईन, तुझा देव तो माझा देव. लग्नातसुद्धा हे वाचतात; खरं तर एका विधवा सुनेनं विधवा सासूला म्हटलेले ते शब्द आहेत. पण अठरावं वचन वाचा. एवढं ऐकून ती सासू, नामी, काय करते? ही काही ऐकायची नाही असं बघून गप्प होते. मिठी नाही, आशीर्वाद नाही. पुढे दोघी बेथलेहेमला पोचतात, बायका भोवती जमतात, आणि नामी त्यांना सांगते की मी भरलेली गेले होते, परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. मवाबातलं माहेर सोडून आलेली रूथ तिच्या बरोबरच आहे. तिला काय वाटलं असेल! शास्त्रात त्यावर तिचा एक शब्द नाही. दुसऱ्या अध्यायात ती एवढंच विचारते, सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचायला जाऊ का?

तुमच्या आईचं वाक्य नामीचंच आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे पुरून आलेल्या बाईला जे गेलं तेच दिसत होतं, जवळचं दिसत नव्हतं. त्यात रूथचा हिशोब नव्हता, तसा तुमच्या आईच्या बोलण्यात तुमचा नाही. म्हणून "मग मी कोण?" हा प्रश्न इतक्यात तिला विचारू नका. तुम्ही विचारलात तर तिला स्वतःचं दुःख सोडून तुमची समजूत काढायला लागेल.

रूथनं केलं काय, तर दिवसभर शेतात वाकून वेचलं, झोडून एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) जव घरी आणले, आणि दुपारच्या जेवणात पोट भरून उरलेलंही सासूपुढे ठेवलं. शपथेपेक्षा मला हे उरलेलं राखून आणणं मोठं वाटतं.

आमचे बाबा गेले तेव्हा आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, "शेवटी डॉक्टर नक्की काय म्हणाले?" भाऊ वैतागायचा, किती वेळा सांगायचं म्हणायचा. मी ठरवलं की विचारेल तितक्यांदा पहिल्यापासून सांगायचं. ती बाबांचा चष्मा पुसत ऐकायची, "हं" म्हणायची आणि उठून आत जायची. पुढे कधीतरी ते विचारणं थांबलं. त्या काळात प्रार्थनेत सोबत बसण्यापेक्षा हे उत्तर देणंच माझ्याकडून जास्त घडलं, आणि देवाला ते कमी वाटलं असेल असं मला वाटत नाही.

आईच्या रागाची भीती बाळगू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, हे मित्र नाही. "देवाची इच्छा", "विश्वास कमी पडला" असं सांगायला येणाऱ्यांना दारातच विनंती करा की बसा, पण उपदेश नको. आपल्यात ही सवय फार आहे. मेलेला लाजर उठणार हे माहीत असूनही येशू रडला, लाजराच्या बहिणीला, मरीयेला, त्यानं उपदेश केला नाही.

मंडळीची सेवा सोडून घरी थांबणं चूक आहे का, हेही तुम्ही विचारलंय. नाही. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला अर्पण झालं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं मार्क ७ मध्ये चांगलंच सुनावलं आहे. गायनमंडळाला दुसरं कुणी मिळेल.

पण सगळं एकट्यानं ओढायचं असंही नाही. १ तीमथ्य ५:८ तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच, की घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. त्याच अध्यायात ज्या विधवांना कुणी नाही त्यांचा भार मंडळीवर टाकलेला आहे, म्हणजे मंडळीचं काम फक्त वचनं सांगण्याचं नाही. वधस्तंभावरून येशूनं आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं. त्यालाही दुसऱ्याला सांगावं लागलं. तेव्हा मावशीला चार दिवस येऊन राहायला सांगा, मंडळीतल्या एखाद्या बाईला आईजवळ बसवा आणि तुम्ही झोपा. नामीची दुसरी सून अर्पा माहेरी परत गेली म्हणून शास्त्र तिला नावं ठेवत नाही, हेही लक्षात असू द्या. तुमचं दुसरं भावंड लांब राहत असेल तर त्याला अर्पा ठरवून भांडण काढू नका. फोन करून एखादं ठरावीक काम त्याच्याकडे द्या, कागदपत्रांचं किंवा आईच्या औषधांचं.

तुमचाही भाऊ गेलाय. प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल एकच ओळ लिहिली आहे. आईसमोर रडलात तरी चालेल.

आई जेवणं टाळत असेल, रात्र-रात्र झोपत नसेल, तर पाळकांबरोबरच डॉक्टरांनाही दाखवा. "जगून काय करू" असं तिच्या तोंडी आलं तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी घेऊन जा. त्यानं विश्वास कमी होत नाही.