ओठ भरदार करायचं फिलर (जेलचं इंजेक्शन) घेऊन पाच दिवस झाले, ओठात गाठ लागतेय. डॉक्टरांना कसं सांगू?

पाचव्या दिवशीची गाठ बहुतेकदा सूजच असते. आकाराचा निकाल दोन आठवड्यांनी लावा. पण कळवा आजच: रोज एकाच उजेडात काढलेले फोटो पाठवा, 'उजवीकडे गाठ लागते, तपासाल का?' एवढंच विचारा. स्वतः चोळू नका. फिलरचं नाव, किती एमएल, लॉट नंबर मागा. नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर हायलुरोनिडेज या एन्झाइमच्या इंजेक्शनने विरघळतं, बाकीची नाही.

त्वचा पांढरी किंवा जाळीदार जांभळी पडली, वेदना वाढल्या तर रक्तवाहिनी तुंबलेली असू शकते. तेव्हा लगेच फोन; व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिकची वाट कसली बघता? नजर धूसर झाली तर थेट ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाची इमर्जन्सी गाठा.