खेड्यात बाळंतपणाच्या काळजीत नवऱ्यांना आणि गावाला कसं सामील करायचं? बैठकीला पुरुष येतच नाहीत.

तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या) फील्डवर्कला आहात, अंगणवाडीत बैठक ठेवता आणि एकही नवरा येत नाही. अहो सकाळी अकराला ठेवली तर कोण येईल, माणूस वावरात असतो. रात्री जेवणं झाल्यावर पारावर बसा, येतील. पण खरी अडचण वेळेची नाहीच. धोक्याची लक्षणं सांगतात बायकांना, अन् पैसे, मोबाईल, गाडीची चावी पुरुषाकडे. माझ्या घरात हेच झालं.

बायकोला आई नाही म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच. डिसेंबर होता, चण्याला पाणी चालू होतं, त्या आठवड्यात मोटारीची वीज रात्रीचीच होती. तिसऱ्या दिवशी आशाताई आली, वजन केलं, ताप पाहिला, बायकोला आणि आईला सांगितलं की बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं, श्वास जोरात चालला तर थांबू नका, दवाखान्यात न्या. मी तेव्हा अंगणात मोटारीचा स्टार्टर खोलून बसलो होतो. मला कोणी आत बोलावलं नाही अन् मीही उठलो नाही.

पाचव्या रात्री लेकरानं दूध सोडलं. बायकोनं लगेच ओळखलं, रडून रडून सांगितलं. काका म्हणाले, "नजर लागली, मीठमिरच्या ओवाळा, पोरगा आला की पाहू." पोरगा म्हणजे मी, दीड किलोमीटरवर ओलीत करत होतो आणि मोबाईल घरी चार्जिंगला. अडीचला आलो तर पोरीचे तळपाय गार, रडणं मांजरीच्या पिलासारखं बारीक. चार तास गेले होते. मित्राची पिकअप काढली. आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं, बायकोला उभंही राहवत नव्हतं म्हणून मला म्हणाल्या, शर्ट काढा, लेकरू उघड्या छातीला लावा, वरून ब्लँकेट घ्या. यवतमाळपर्यंत ती माझ्या छातीवर होती. जंतुसंसर्ग निघाला, अकरा दिवस पेटीत ठेवली. आता दुसरीत आहे.

काका आजही म्हणतात, "थंडीनं गार पडली होती, तू उगाच घाबरला, अन् बायकाच्या कामात माणसाचं काय काम बे?" काम आहे. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून खेड्यातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला, इंजेक्शन द्यायलाही शिकवलं आणि तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे घरातच ओळखलं अन् लगेच हललं तर लेकरू वाचते. आमच्या घरात ओळखलं होतं, हलणारा वावरात होता.

म्हणून लेक्चर देऊ नका, नवऱ्याला काम द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्यातल्या पहिल्या दोन भेटींना नवरा घरी पाहिजे म्हणजे पाहिजे. रात्री कोणाची गाडी निघेल अन् रक्त कोण देईल, ही नावं आठव्या महिन्यातच ठरवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा, आमच्या गावानं लिहिली आहेत. आणि सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, विसरू नका. बायको वाहक निघाली की नवऱ्याची तपासणी सुरुवातीलाच झाली पाहिजे, दोघेही वाहक असले तर दर खेपेला बाळाला तो आजार होण्याचा चारात एक धोका असतो. पुरुष हे सांगितलं की ऐकतात, कारण त्यात त्यांचं स्वतःचं रक्त तपासायचं असतं.

एक राहिलंच. आधी बाईला विचारा, नवरा सोबत पाहिजे का. पिऊन मारणारा असेल तर त्याच्या हाती काही देऊ नका, तिचा भाऊ किंवा शेजारी पहा. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१५ च्या शिफारशीत नवऱ्यांना सामील करा म्हटलं, पण बाईची मर्जी राखूनच.

काकाच्या सुनेचं दुसरं बाळंतपण येत्या जानेवारीत आहे. काकांना सांगून ठेवलंय, ते ४२ दिवस तुमच्या वावरातलं रात्रीचं ओलीत मी करतो, तुमचा पोरगा घरी झोपेल, अन् मोबाईल त्याच्या उशाशी राहील.